लखमाने न सांगितलेली वाट

दुपारचं ऊन डोलकाठीवरून खाली सरकतं आणि चांगो तांडेलाचे डोळे मिटू लागतात. हात मागे काठीला बांधलेले. झोप म्हणावी तर झोप नाही, जाग म्हणावी तर जाग नाही. फिरंग्यांचं हे जहाज भरतीची वाट बघत किनाऱ्यापासून लांब उभं आहे. पाणी चढलं की चांगोने ते खाडीत न्यायचं, आणि खाडीत चांगोचं गाव आहे. फिरंग्याच्या परवान्यावाचून गलबतं सोडली, एवढाच गावाचा गुन्हा. गाव जाळायला तोफा भरून ठेवल्यात, हे काही कुणी लपवलेलं नाही.

नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हणणारा त्याचा थोरला भाऊ लखमा परवाच याच फळ्यांवर मारला गेला. चांगोने मनात ठरवलंय, जहाज सरळ खाडीच्या तोंडाशी उजव्या हाताला असलेल्या काळ्या खडकावर घालायचं. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. पण जहाजाच्या पोटात शेजारगावचे कोळी साखळ्यांनी जखडलेत. जहाज फुटलं तर सगळ्यात आधी तेच मरतील. इकडे आड, तिकडे विहीर.

फळ्यांवर ओली पावलं वाजतात. लखमा समोर येऊन मांडी घालतो. गळ्यापासून बेंबीपर्यंत शिडाच्या दोऱ्याने शिवलेला, पोतं शिवावं तसा.

"दादूस," चांगो म्हणतो, "कुनी शिवला तुना?"

"त्यांच्या वैद्यानं. आधी फाडला, मंग शिवला. मानूस आतून कसा असतो त्ये बगायचं होतं त्याला. काळीज हातात धरून त्याचं चित्र काढलं." लखमा हसतो, आणि टाक्यांमधून पाणी गळतं. "कप्तान बाजूलाच उभा. त्याला वाटलं, वाट पोटात लपवली आसंल. नाय गावली."

चांगोला हसू येतं, आणि हसता हसताच रडू फुटतं. या माणसाच्या खांद्यावर बसून तो पहिल्यांदा समुद्रात उतरला होता. त्याला यांनी कोंबडीसारखा सोलला.

डोळे पुसायला हात वर जातो, कारण हात मोकळे आहेत आणि दोघं घराच्या अंगणात आहेत. आई विळीवर मासळी कापतेय. काठ्यांवर बोंबील वाळत घातलेत. चांगो जवळ जातो तर ते बोंबील नाहीत. हात आहेत, कोपरापासून तोडलेले. काहींवर हिरवी काकणं अजून आहेत, आणि ती काकणं त्याच्या ओळखीची आहेत. आईच्या विळीखाली काय आहे ते त्याला बघवत नाही.

"कोन आयलं रं?" आई मान वर न करता विचारते.

"मी आनि दादूस."

"मंग फिरंग्यांना कुनी आनलं?"

"मी त्यांना खडकावर घालनार हाय, आये."

लखमाची चपराक अशी बसते की चांगो आडवा होतो. लखमा त्याची मानगूट धरतो आणि तोंड अंगणात दाबतो. जमीन मऊ होते, आत जाते, आणि वर पाणीच पाणी. खाडीच्या तोंडाचा तळ आहे हा. लखमा जबडा फाकवून मूठभर गाळ त्याच्या तोंडात कोंबतो. बापाने दोघांना लहानपणी असाच तळ चाखायला शिकवला होता. चव घेऊन जागा सांगायची, चुकली तर पाठीवर वल्हं.

"कुठला?"

"थोरल्या दांड्याचा," चांगो गुदमरत सांगतो. खाडीत शिरताना डाव्या हाताला असलेला, भरतीला बुडणारा नि ओहोटीला उघडा पडणारा गाळाचा उंचवटा.

डोक्यावरून जहाजाचं पोट सरकत येतं. पाण्याची खोली मोजायचा, दोरीला बांधलेला शिशाचा गोळा खाली येतो, तळाचा गाळ चिकटून वर यावा म्हणून बुडाला चरबी लावलेला. गाळाला टेकतो, वर जातो.

"खूश झाला बग वरचा," लखमा म्हणतो. "पानी भरपूर, तळ मऊ, नांगर धरंल. ह्या खाडीची ओहोटी त्यानं कवा बघितली नाय."

आणि पाणी ओसरतं. जहाज कलतं, बरगड्या मोडल्यासारखं करकरतं. तोफा दोर तोडून सुटतात आणि गोलंदाजांना भिंतीशी चिरडतात. एका बाजूच्या तोफा गाळात, दुसऱ्या बाजूच्या आभाळाकडे. गुडघाभर चिखलातून गावचे लोक कोयते घेऊन येतात. कुणाला दया नाही, आणि चांगोलाही ती वाटत नाही. खालच्या दारातून साखळ्यांसकट कोळी बाहेर ओढले जातात, खोकत, जिवंत.

"बुडवू नको," लखमा म्हणतो. "बसव."

"आनि मी, दादूस?"

लखमा छातीच्या टाक्यांवर अंगठा फिरवतो. मग म्हणतो, "इचारल्याबरोबर सांगू नको. आधी मार खा. सहज सांगितलेली वाट कुनी खरी मानत नाय."

बरगडीत लाथ बसते आणि चांगो जागा होतो. भरती आलीय. दुभाष्या त्याच्यावर वाकलाय, मागे कप्तान उभा आहे.

"बोल. वाट कंची?"

चांगो गप्प राहतो. कप्तान बंदुकीचा दस्ता तोंडावर मारतो. चांगोला भीती वाटते, खूप वाटते. तरी तो गप्प राहतो. दस्ता पुन्हा बसतो, मग पुन्हा. दाढ हलते, कान वाजू लागतो. आता पुरे झालं, असं त्याला वाटतं. तो मान खाली घालून थुंकतो.

फळीवर रक्त पडायला हवं होतं. पडतो तो निळसर, मऊ गाळ.

कुणाचं लक्ष जायच्या आत चांगो त्यावर टाच ठेवतो.

"डावीकडं घ्या," तो म्हणतो.