तीन घड्याळांची शर्यत

कालव्याच्या रस्त्याने आम्ही निम्म्याहून पुढे आलो होतो आणि मला धाप लागली होती. धाकटी जाऊ मात्र पुढच्या पुलापर्यंत जाऊन परत माझ्यापाशी येई, पुन्हा सुटे. मी जे अंतर एकदा चालले ते ती तीनदा चालली.

"ताई, मागे राहिलात!"

"राहू दे गं. देवाने मला पाय दिले, तुला चाकं!"

धाकटी रुग्णालयाच्या धुलाई खात्यात चादरींना इस्त्री करते. आठ तास उभी. आणि तिचा खेळ कोणता, तर चालण्याचा! पळायचं नाही, एक पाय कायम जमिनीला हवा, पुढचा पाय टेकताना गुडघा ताठ. त्यामुळे कंबर अशी काही हलते की खात्यातल्या मुकादमाने तिचं नाव ‘बदक’ ठेवलं. ती म्हणते, "आधी गाठा, मग हसा."

आमच्याकडे पुरुषांची शर्यत वीस किलोमीटरची, बायकांची पाच. का, तर बायकांना झेपत नाही. कुठल्या बाईला विचारलं होतं कोण जाणे! धाकटीने शर्यती भरवणाऱ्या संघटनेला तीन पत्रं लिहिली, तेव्हा उत्तर आलं, हवं तर पुरुषांच्या मागून चाला.

गेल्या महिन्यात ती चालली. मी शेवटच्या वळणावर पाण्याची बाटली घेऊन उभी. एक पुरुष गेला, दुसरा गेला. अकरावा गेला आणि त्याच्या पाठोपाठ आमची बाई! मागे अजून सहा पुरुष! मी लाजलज्जा सोडून ओरडले, "चल गं माझे राणी, चल!"

धावत शेवटच्या रेषेपाशी पोचले, तर ती पंचांच्या टेबलासमोर उभी. "माझी वेळ?"

"घेतली नाही, बाई," मुख्य पंच म्हणाले. "एकेकाची वेळ तीन घड्याळांवर घ्यावी लागते. आमची माणसं पुरुषांपुरतीच आहेत."

"म्हणजे मी इथवर आले हे कुठेच लिहिलेलं नाही?"

"नियम आहे."

"आणि माणसं मी आणली तर?"

पीडा टळावी म्हणून ते सगळ्यांदेखत बोलून गेले, "आणा की! वेळ घेण्याची परीक्षा पास झालेली तीन माणसं आणा, नोंदवहीत लिहितो." धाकटीने छातीवरचा नंबराचा कागद काढला, उलटा करून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "हेच इथे लिहून द्या." सगळे बघत होते. द्यावं लागलं!

दोन माणसं मिळाली. एक तिच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. दुसरा चक्क मुकादम. परीक्षा पास होऊन त्याने आख्ख्या खात्याला पेढे दिले. तिसरा माणूस काल मागे सरला. पुढची शर्यत तीन आठवड्यांवर, त्याआधीची शेवटची परीक्षा येत्या रविवारी.

पुलावर ती थांबली. मी कठड्याला टेकले. "मला एवढं लांब कशाला आणलंस गं?"

"घरी विचारलं असतं तर तुम्ही हातातलं काम दाखवलं असतं." तिने माझा हात घट्ट धरला. "ताई, तिसरं घड्याळ तुम्ही धरा. रविवारी परीक्षेला बसा. आणि शर्यतीच्या दिवशी मी उशिरा आले, तर उशीरच लिहा. मी तुमची म्हणून एक सेकंदही सोडू नका."