लडाखला वस्तीची गाडी

आपल्या देशाची उत्तर सीमा दिवेआगरच्या एका पडवीतून सांभाळली जाते, हे संरक्षण खात्याला ठाऊक नसेल. मला पक्कं ठाऊक आहे. त्या पडवीत माझे मामेसासरे बसतात. हयात गेली बसडेपोत गाड्या सोडण्यात. सैन्याशी संबंध एवढाच, की लेक तिथे डॉक्टर. तिची बदली लडाखच्या एका आडबाजूच्या चौकीवर झाली आणि यांनी त्या अफाट मुलखासाठी फिरती फौज उभारायला घेतली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा, आणि गाड्या म्हणून वाडीतल्या सुपाऱ्या!

आम्ही जेवायला बसलो की लढाई सुरू. "जावईबापू, रणगाडा चांगलाच हो. पण त्याला डिझेल न्यायला टँकर, आणि त्या टँकरला डिझेल न्यायला दुसरा टँकर! त्यापेक्षा हलक्या गाड्या घ्या. गाडीत दहा जवान आणि पंधरा दिवसांचा शिधा." सगळ्या गाड्या डेपोत कोंबायच्या नाहीत, हा त्यांचा सिद्धांत. रात्री शेवटच्या गावी मुक्कामाला जाते ती वस्तीची गाडी. तशी प्रत्येक खोऱ्यात एक. "गाडी डेपोतून येईस्तोवर शेवटच्या गावच्या माणसाने करायचं काय?" शिधा म्हणाल तर सुकट. वजनाला हलकी, टिकायला चिवट. प्रयोग म्हणून आठ दिवस घरात दुसरं काही शिजलं नाही, आणि मी नेमका त्याच आठवड्यात तिथे टपकलो! शेवटी मामी कडाडल्या, "लडाख राखा, पण आधी आंघोळ उरका. पाणी निवतंय!" मी पोट धरधरून हसलो. पण लेकीचा फोन चार दिवस लागला नाही, की या सेनापतींना घास उतरत नसे, हेही मी पाहिलंय.

परवा ती रजेवर आली. नकाशापुढे मांडी घालून बसली, सगळं ऐकून घेतलं, एकदाही हसली नाही. मग म्हणाली, "बाबा, योजना झकास आहे. पण जादा गाड्या सगळ्या माझ्याच चौकीमागे कशा?"

मी वाकून पाहिलं. खरंच की! बाकी लडाखात खोऱ्याला एकेक, आणि एका ठिपक्यामागे सुपाऱ्यांचा ढीग.

"बाकीच्या चौक्यांवर पण कुणाची तरी पोरंच आहेत ना?"

"होय गं. चुकलं माझं," मामा ओशाळून म्हणाले. एकेक सुपारी उचलून ते लांबच्या खोऱ्यांत ठेवू लागले. शेवटची सुपारी बराच वेळ मुठीत राहिली. मग त्यांनी ती हळूच तिच्याच ठिपक्यामागे सरकवली.

लेकीने ते पाहिलं. सैन्यात शिस्त फार कडक असते म्हणतात. पण तिने ती सुपारी तिथेच राहू दिली.