दुसऱ्याच्या नावावरचा गोल

एका माणसाचा गोल मी दुसऱ्याच्या नावावर लिहिला. चूक क्षणात झाली. पण ती कळल्यावरही मी तशीच राहू दिली, हा माझा खरा अपराध.

मुलुंडच्या एका कारखान्यात मी टाइमकीपर होतो. सकाळी फाटकावर कामगारांची हजेरी घ्यायची आणि पावसाळ्यातल्या रविवारी आमच्या फुटबॉल संघाचे गोल नोंदवायचे. दुसरं काम मला कोणी दिलेलं नव्हतं. हौसेने अंगावर घेतलं होतं. माझ्या वहीत खाडाखोड नसे, याचा मला भारी ताठा. पोरं मला चित्रगुप्त म्हणत, आणि ते मला आवडे.

आमचा सेंटर फॉरवर्ड मालवणकडचा, बदली कामगार. कोणी गैरहजर असेल तरच त्याला त्या दिवशी काम. त्या वर्षी तो असा काही खेळत होता, की आमच्या स्पर्धेतला एका हंगामातल्या गोलांचा जुना विक्रम मोडेल असं दिसू लागलं. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांदेखत शब्द दिला, "विक्रम मोड, तुला कायम करतो." त्याची बायको आणि तान्ही मुलगी गावी होत्या. कायम झाला की त्यांना आणायचं म्हणून घाटकोपरला त्याने खोलीही बघून ठेवली होती.

तेव्हा बूट न घालता खेळणारे पुष्कळ असत. आमच्या संघात मात्र बाकीच्यांनी बूट घेतले होते. तो एकटा अनवाणी राहिला होता. पाठीवर आकडे नसत, आणि खेळ जरा रंगला की चिखलाने सगळ्यांचे सदरे सारखेच दिसत. गोलसमोर झुंबड उडाली की मी चेहरे बघतच नसे, पाय बघे. उघडा पाय म्हणजे तो.

एका रविवारी पूर्वार्धात त्याच्या पायाचा अंगठा फुटला. मध्यंतरात त्याने राखीव खेळाडूचे बूट चढवले. मी तेव्हा चहाला गेलो होतो. नंतर झुंबडीतून एक बूट पुढे आला, चेंडू आत गेला, आणि मी त्याच्या शेजारी खेळणाऱ्या इनसाइड राइटचं नाव लिहून टाकलं.

संध्याकाळी संघाच्या खोलीत माझी वही चाळून तो इनसाइड राइटच हसत आला.

"काय हो चित्रगुप्त, मला फुकटचा गोल? बूट बघून फसलात ना?"

"मी डोळ्यांनी बघून लिहितो."

"अहो, मी तर चिखलात आडवा होतो."

"मग आडवा पडून मारला असशील."

पोरं हसली. सेंटर फॉरवर्ड दारात उभा होता, तो हसला नाही. हळूच म्हणाला, "सायबानू, तो गोल माझो."

"माझ्या वहीत काट बसत नाही," मी म्हणालो.

"बरा. मॅची अजून आसत," तो म्हणाला आणि लंगडत गेला.

हंगाम संपला. साहेबांनी मला आत बोलावलं. "काय, मोडला का त्याने?"

अजूनही सांगता आलं असतं.

"नाही साहेब. बरोबरी झाली."

"अरेरे, एकाने हुकला," ते म्हणाले आणि पुढच्या कागदाकडे वळले. बाहेर तो उभा होता. त्याने माझा चेहरा पाहिला आणि फाटकाकडे चालू लागला. पुढे काम कमी झालं, बदलीवाल्यांना आधी घरी बसवलं. तो परत आला नाही.

आला नाही असं लोक म्हणत. मला तो रोज सकाळी फाटकावर, बदलीवाल्यांच्या रांगेत दिसायचा. मान वर करून नीट पाहावं, तर तिथे कोणी दुसराच. नवी पोरं विचारायची, "विक्रम कुणाचा हो?" मी "दोघांचा" म्हणायचो, आणि त्याचं नाव घेताना मागे कोणीतरी ऐकत उभं आहे असं वाटून माझी मान आखडायची. दुपारी घरी माझी मुलगी झोपलेली असे. चादरीबाहेर आलेलं तिचं उघडं पाऊल पाहिलं तरी मी दचकायचो. बायको म्हणे, "घरात कुणाला शोधता हो सारखे?" तिलाही मी सांगितलं नाही.

काही वर्षांनी कोणी बोललं, की तो माहुलला तेलाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे मजुरीला आहे. सुट्टी काढून गेलो. जेवणाची वेळ होती. पाइपांच्या सावलीत तो भाकरी खात बसला होता. केस पांढरे झालेले.

"चित्रगुप्तानू, तुमी?" म्हणत तो सरकला, मला जागा करून दिली.

मी घरचं विचारलं.

"गावीच आसत सगळी. पोरगी मोठी झाली. माका बघून आयेच्या मागे लपता."

त्याने भाकरीचा तुकडा माझ्यापुढे धरला. मला तो घेववेना.

"तो गोल तुझा होता," मी म्हणालो. "त्याच संध्याकाळी मला कळलं होतं. साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. वहीत एक काट नको, म्हणून तुझं बिऱ्हाड होऊ दिलं नाही मी. माझं चुकलं. मला माफ कर."