शोषखड्ड्यापासून बारा पावलं

अंथुर्ण्यातल्या आमच्या घरामागचा शोषखड्डा नऊ वर्षांनी तुंबला, म्हणून शेजारीच नवा खणायला एक माणूस बोलावला. नाव विचारायचं राहिलं. त्यानं आधी जमिनीवर बादलीभर पाणी ओतलं आणि ते जिरेपर्यंत उकिडवा बसून बघत राहिला.

"याला शोषखड्डा का म्हणतात हो?" मी विचारलं.

"संडासाचं पाणी माती शोषून घेती, म्हणून. पर तात्या, शोषल्यालं पुढं कुठं जातं, ते नावात न्हाय."

मग तो आमच्या बोअरपर्यंत पावलं मोजत गेला. बारा भरली. बायकोनं बोअरच्या पाण्याचा तांब्या पुढं केला. हात जोडून तो स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायला.

संध्याकाळी लेकीनं पाणी मागितलं. भरलेला तांब्या हातात धरून मी पुन्हा पावलं मोजली. बाराच भरली.