रिकामा डबा

शिकेकाई उकळायला ठेवली, की त्या वासानं मला अजूनही तो दिवस आठवतो. बाटलीतला शाम्पू सोडून मी घरीच शाम्पूच्या वड्या करायला नुकतीच शिकले होते. खोबरेल, शिकेकाई आणि कॉस्टिक सोडा घोटून स्टीलच्या ताटात ओतायचं, सुरीनं कापायचं आणि सोड्याची आग मरेपर्यंत महिनाभर सुकू द्यायचं. दोनच दिवसांचं ते ताट फडक्यानं झाकून मी वेल्ह्याला गेले, आणि परत आले तर चार वड्या कमी. सारोळ्याला लेकीकडं गेलेल्या सासूबाई मधल्या वेळात घरी आल्या होत्या. "आत्या, हितल्या वड्या कुठं गेल्या?" "शेजारणीचा डबा द्यायचा व्हता. रिकामा कसा द्यायचा? तुज्या गुळाच्या वड्या घातल्या त्यात." शेजारणीची नात चार वर्षांची, गोडाला हपापलेली. मी अनवाणीच धावले. मधलं भाताचं खाचर, चिखल, काही दिसलं नाही. नुसतं त्या पोरीचं भाजलेलं तोंड डोळ्यांपुढं येत होतं. ती ओसरीवरच बसली होती, मांडीत उघडा डबा, नाकाशी धरलेली वडी. मी ती हिसकावली आणि तिचा जबडा धरून तोंडात बघितलं, तशी ती भोकाड पसरून म्हणाली, "म्या न्हाई खाल्ली! तिला न्हाणीचा वास येतोय!" मी तिचे हात धुतले आणि चारही वड्या परत घेतल्या. आता मी साबण गोल साच्यात ओतते, कडीकुलपात सुकवते. तरीही कुणाचा डबा परत करायचा झाला, तर घासूनपुसून रिकामाच देते. गावात मला चिक्कू म्हणतात. म्हणू देत.