आमेनच्या आधी

आज कोलोनला हेल्गाआजींच्या अंत्यविधीनंतर जेवायला बसलो आणि वाटाण्याच्या सूपचा वास आला. विद्यार्थी असताना मी त्यांच्या घरी भाड्याने राहायचो, तेव्हाची एक रविवारची दुपार आठवली.

जेवणाआधी आजी प्रार्थना म्हणायच्या आणि ‘आमेन’च्या अलीकडे थांबायच्या. सूपची वाफ विरत जायची, मला कडकडून भूक लागलेली असायची. वयामुळे विसरतात, असंच मी धरून चाललो होतो. त्या दुपारी हळूच म्हणालो, “आजी, आमेन.”

त्यांनी डोळे उघडले. “माहीत आहे रे. इथे फ्यूररचं, हिटलरचं, नाव घ्यायचा हुकूम होता.”

त्यांचे वडील लंडनच्या एका जर्मन चर्चमध्ये पाद्री होते. नाझींच्या काळात हा हुकूम मायदेशातून आला. वडिलांनी नाव घेतलं नाही. त्या जागी ते नुसते गप्प उभे राहायचे. त्यांच्यासोबत प्रार्थनेला आलेले बेकरीवाले, खाटीक, शिंपी, सगळी मंडळी गप्प. घरी जेवतानाही तसंच.

“मग इंग्रजांनी त्यांना मान दिला असेल ना?”

“युद्ध सुरू झालं, तेव्हा जर्मन म्हणून छावणीत टाकलं. तिथेच गेले.” आजींनी माझ्या वाडग्यात सूप वाढलं. “खा, गार होतंय.”

तेव्हा मी भुकेला होतो, खाल्लं. दोन्ही देशांना नकोसा झालेला माणूस किती एकटा असेल, हे परदेशात इतकी वर्षं काढल्यावर आता जाणवतं.

आज त्यांच्या भाच्याने तीच प्रार्थना एका दमात म्हटली, आमेनसकट. सगळ्यांनी चमचे उचलले. माझा हात मांडीवरच राहिला.

शेजारच्या बाई मायेने म्हणाल्या, “प्रार्थना झाली. घ्या ना.”