पंपाला लावलेला हात

पेट्रोलचा वास आला की कुंडलचा रस्ता आठवतो. आम्ही बौद्ध होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी मोटार मेकॅनिक. उसाच्या बागायतदार अण्णांची जुनी मोटार वाटेत बंद पडलेली दिसली, म्हणून सायकल थांबवली. अण्णांनी किल्ली फिरवली तरी पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची टकटक येत नव्हती. पंप अडकला होता.

“हात लावू नगंस, लांबनंच सांग,” अण्णा म्हणाले.

“हात लावल्याबिगर जमायचं न्हाई,” म्हणत मी बांधावर बसलो.

ऊन चढलं. शेवटी त्यांनीच बॉनेट उघडलं. मी पंपाला वीज जोडणारे काळवंडलेले पॉइंट घासले, टकटक सुरू झाली, इंजिन लागलं.

बॉनेट लावून मी त्या तापलेल्या पत्र्यावर मुद्दाम अख्खा तळवा टेकला. चटका बसला, पण उचलला नाही. तेव्हा ती तरुणपणाची रग वाटली. आज ऐंशी ओलांडली, तरी तेच करीन.